शोभेच्या झाडांमधलं उगवलेलं तण: कोणतं तणनाशक कुठे चालतं, कुठे अजिबात नाही

रानजाई

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रस्त्याला आमची सोसायटी आहे. बाग फार मोठी नाही, पण जुनी आणि जीव लावून वाढवलेली आहे. कडेने ड्युरांटाचं कुंपण, आत जास्वंद, तगर, एक्झोरा, अनंत, गुलाबाचे वाफे, कर्दळ आणि स्पायडर लिलीची लांब पट्टी, मधोमध मेक्सिकन लॉन. यंदाच्या पावसात तण बेसुमार माजलंय. लॉनमध्ये लव्हाळा, एक्झोराच्या बुडाशी हरळी आणि इतर गवतं, गुलाबात आंबुटी आणि केना, कुंपणाबाहेर गाजर गवत.

कमिटीत ठरलं की माळीदादांकडून सगळीकडे एकदाच ग्लायफोसेट मारून घ्यायचं. मी पुढच्या बैठकीपर्यंत थांबायला सांगितलंय. मला तणनाशकाला सरसकट विरोध करायचा नाही. खुरपणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत, हे खरंच आहे. पण झाडं न मारता तण मारता येतं का, आणि कोणत्या जागी कशाने, हे नीट समजून मग बोलावं म्हणते. जाणकारांनी लिहावं.

बांधावरून

रानजाईताई, फवारणी थांबवलीत हे फार चांगलं केलंत. ग्लायफोसेट बिननिवडक आणि आंतरप्रवाही आहे. हिरव्या भागावर पडलं की आत शिरतं आणि मुळापर्यंत जातं. वनस्पती ज्या विकराने (एन्झाइमने) काही अमिनो आम्लं बनवतात, ते विकर हे औषध बंद पाडतं. हे विकर हरळीत आहे तसंच तुमच्या एक्झोरातही आहे. त्यामुळे तण कोणतं आणि झाड कोणतं, हा फरक औषध करत नाही. तो फवारणाऱ्याच्या हाताने करावा लागतो.

शोभेच्या झाडांत उगवणीनंतरचं तणनाशक निवडताना सुरुवात औषधाच्या नावापासून करू नका, तणापासून करा. तुमच्या बागेत तीन जातकुळ्या आहेत.

पहिली, खरी गवतं: हरळी, शिंपी वगैरे. दुसरी, लव्हाळा. तो गवतासारखा दिसतो, पण गवत नाही. दांडी बोटांत फिरवून पाहा, तिला तीन कोन लागतात. गवताची काडी गोल किंवा चपटी असते. तिसरी, रुंद पानांची तणं: आंबुटी, केना, घोळ, दुधी, गाजर गवत. (केना वनस्पतिशास्त्राने एकदलच, पण पान रुंद आणि गवतावरच्या औषधांना तो दाद देत नाही, म्हणून कामापुरता इथेच धरा.)

आता खरी सोय पहिल्या गटात आहे. क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के, प्रोपाक्विझाफॉप १० टक्के, फेनोक्साप्रॉप ही औषधं फक्त गवतवर्गावर चालतात. स्निग्धाम्लं तयार करणारं एक विकर ती अडवतात. गवतात ते विकर ज्या घडणीचं असतं, त्यावर औषध बसतं. जास्वंद, तगर, गुलाब यांच्यात त्याची घडण वेगळी, म्हणून त्यांना धक्का लागत नाही. सोयाबीनमध्ये शेतकरी पिकावरूनच ही फवारतात ती याच जोरावर. एक्झोराच्या बुडाशी असलेल्या हरळीचं उत्तर इथे आहे.

पण लगेच काही दिसणार नाही. चार-पाच दिवस गवत हिरवंच राहतं, फक्त वाढ थांबते. आठवड्याने मधली सुरळी ओढून पाहा, ती सहज निघून येईल आणि तळाशी कुजलेली, तपकिरी असेल. तीच औषध लागू पडल्याची खूण. ती न बघता लोक दोन दिवसांत दुसरा हात मारतात आणि पैसे व औषध दोन्ही वाया घालवतात. हरळी मात्र जमिनीखालच्या खोडांतून पुन्हा फुटते. नवी फूट चार-सहा पानांची झाली की पुन्हा फवारावं लागतं, एका फवारणीत ती जात नाही.

जमिनीत वाफसा (ओल आहे, पण चिखल नाही) असताना, गवत जोमात वाढत असतानाच ही औषधं चांगली चालतात. उन्हाने करपलेल्या, निसवलेल्या (तुरे आलेल्या) गवतावर मारून उपयोग नाही. आणि लॉन, बांबू, गवती चहा, शोभेची गवतं यांच्या आसपास नेऊ नका. ती सगळी गवतवर्गातलीच.

चाफा

स्पायडर लिलीची पानंही गवतासारखी लांबट असतात, कर्दळही तिच्यासारखी एकदलच. मग ती मरणार नाहीत का?

बांधावरून

चांगला प्रश्न. ती एकदल आहेत, पण गवतवर्गातली नाहीत, त्यामुळे सहसा तग धरतात. तरी आधी पट्टीच्या टोकाला दोन-तीन झाडांवर मारून दोन आठवडे थांबा, मगच पुढे जा. आपल्याकडच्या बाटलीवरच्या लेबलवर सोयाबीन, कापूस, कांदा अशी पिकं लिहिलेली असतात, कर्दळ किंवा अनंत नाही. शोभेच्या झाडांत वापरणं हे आपण आपल्या जबाबदारीवर करतो, हे कमिटीला स्पष्ट सांगा. नव्याने लावलेल्या, अजून न रुजलेल्या रोपांच्या वाऱ्याला तर जाऊच नका.

कॅरोलिनाकर

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात राहतो, बागकामाची आवड आहे. इथला एक फरक सांगतो, कारण तो या चर्चेत उपयोगी पडेल. इथे शोभेच्या झाडांसाठी वेगळ्या लेबलची तणनाशकं मिळतात. फ्लुआझिफॉप, सेथॉक्सिडिम, क्लेथोडिम या गवतमार औषधांच्या लेबलवर कोणत्या झाडावरून फवारलं तर चालेल, कोणत्या झाडाच्या फक्त बुडाशी मारायचं आणि कोणत्या झाडाजवळ नकोच, याच्या पानंच्या पानं याद्या असतात. ऍझालियाच्या काही वाणांना फ्लुआझिफॉपने इजा होते, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे 'रुंद पानाचं झाड म्हणजे सुरक्षित' हा नियम बहुतेक वेळा खरा असला तरी प्रत्येक वेळी नाही. औषधात तेल किंवा जास्तीचा स्टिकर (औषध पानाला चिकटवणारा द्रव) मिसळला, कडक ऊन असताना मारलं, तर सहन करणाऱ्या झाडाचीही पानं भाजतात, फुलं डागाळतात. फुलोऱ्यावर असलेल्या झाडावरून मारू नका.

लव्हाळ्यासाठी इथे लॉनमध्ये हॅलोसल्फ्युरॉन वापरतात. रुजलेल्या झाडोऱ्याभोवतीही चालतं, पण पानांवर उडू न देता.

रोपवाटिकावाला

सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या बाजूला आमची नर्सरी आहे, म्हणून लव्हाळ्यावर बोलायचा थोडा हक्क सांगतो. ताई, लव्हाळा पुष्कळदा रोपांच्या पिशवीतूनच घरात येतो. लाल मातीत आणि कच्च्या शेणखतात गाठी असतात. नवं रोप लावताना पिशवी फाडून मातीच्या हुंड्याभोवती नजर फिरवा. काळसर गाठ दिसली तर काढून टाका. इतकं केलं तर पुढचा बराच त्रास वाचतो, आणि हे काम खरंतर विकणाऱ्यानेच करायला हवं.

लव्हाळा उपटून का जात नाही? जमिनीत गाठींची माळ असते. वरची गाठ उपटली की मागच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. खुरप्याने तोडलं की उलट जास्त फुटवे. पॅराक्वाटसारखं स्पर्शजन्य औषध मारलं तर वरचं पान जळतं, आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवं. औषध गाठीपर्यंत जायला हवं.

लॉनमध्ये असलेल्या लव्हाळ्याला हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हेच चांगलं. आपल्याकडे ते ऊस आणि मक्यासाठी विकलं जातं, सेंप्रा या नावाने लोकांना माहीत आहे. मेक्सिकन आणि सिलेक्शन नंबर वन, दोन्ही लॉन ते सहन करतात. प्रमाण मात्र फार थोडं: हेक्टरी ९० ग्रॅम, म्हणजे एकरी ३६ ग्रॅम. एका गुंठ्याला एक ग्रॅमपेक्षाही कमी. इथेच घोटाळा होतो. एवढीशी पूड बघून माळी म्हणतो, 'एवढ्याने काय होणार', आणि चमचा भरून टाकतो. मग लॉन पिवळं पडतं आणि कडेच्या झाडांना झळ लागते. सोनाराच्या काट्यावर मोजल्यासारखं मोजा.

मोजायची रीत: पंपात साधं पाणी भरून आधी एका गुंठ्यावर नेहमीच्या चालीने फवारा, किती पाणी लागलं ते बघा. तेवढ्या पाण्यात गुंठ्याचं औषध. फवारणीआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस लॉन कापू नका. पान असेल तरच औषध आत जाईल. लेबलवर सांगितलेला स्टिकर घालाच, लव्हाळ्याचं पान मेणचट असतं, नुसतं पाणी ओघळून जातं. दोन ते तीन आठवड्यांनी पिवळेपणा दिसेल. राहिलेल्या गाठी पुन्हा फुटल्या की दुसरा हात.

रानजाई

हे वाचून डोळे उघडले. लव्हाळ्याला आम्ही आजवर गवतच समजत होतो. म्हणजे क्विझालोफॉपने लव्हाळा जाणार नाही?

बांधावरून

नाही जाणार. आणि हॅलोसल्फ्युरॉनने हरळी जाणार नाही. म्हणून तर तण ओळखायचा आग्रह.

गुलाबप्रेमी

तिसऱ्या गटाबद्दल कोणी बोललं नाही अजून. गुलाबातली आंबुटी, केना, घोळ. कोणी तुम्हाला टू-फोर-डी सुचवेल, कारण ते 'फक्त रुंद पानांचं तण मारतं'. पण गुलाबही रुंद पानांचाच! जास्वंद, तगर, मोगरा, शेवंती सगळेच. टू-फोर-डी त्यांच्याजवळ आणू सुद्धा नका. त्याचा इथाइल इस्टर प्रकार तर फवारल्यानंतरही उष्ण हवेत वाफ होऊन उडतो आणि शेजारच्या झाडांवर बसतो. द्राक्षबागायतदारांना याचा धसका असतो तो उगाच नाही.

ओळखीच्या एका बंगल्यात लॉनमधल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी मारलं गेलं आणि तोच पंप नुसता विसळून गुलाबावर कीटकनाशक फवारलं. आठवड्यात शेंडे वाकडे झाले, पानं वाटीसारखी आत वळली, देठ पिळवटले. घरच्यांना वाटलं व्हायरस आला. पंपाच्या नळीत आणि वॉशरमध्ये राहिलेल्या थेंबांनी एवढं केलं.

ग्लायफोसेटची इजा आणखी फसवी. गुलाबाची कोवळी खोडं हिरवी असतात आणि हिरव्या सालीतूनही औषध आत जातं. तेव्हा काही दिसत नाही. पुढच्या छाटणीनंतर येणारी फूट पाहा: दोरीसारखी अरुंद पानं, झाडूसारखा गुच्छ. तोवर कोणाला फवारणी आठवतसुद्धा नाही. गुलाबाच्या वाफ्यात तणनाशक नकोच, हे माझं ठाम मत. हाताने काढा, वर पालापाचोळ्याचा किंवा उसाच्या चिपाडांचा तीन-चार बोटं जाडीचा थर द्या, खोडापासून थोडं अंतर सोडून.

अबोली

+१. गुलाबप्रेमींशी पूर्ण सहमत, आणि मी तर म्हणेन सगळ्याच बागेत नको. सोसायटीत लहान मुलं, कुत्री-मांजरं, मधमाश्या. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकलं आहे. मग एवढा खटाटोप कशाला?

बांधावरून

अबोलीताई, तुमची काळजी रास्त आहे. त्या संस्थेने गट २-ए दिला हे खरं. अमेरिकेची पर्यावरण संस्था आणि युरोपातली अन्नसुरक्षा संस्था यांनी पुढे वेगळा निष्कर्ष काढला, हेही खरं. वाद चालू आहे. पण आपल्या सोसायटीपुरता मुद्दा त्याहून सरळ आहे. ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेत केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत करायचा असं म्हटलं होतं. ती अट आज लागू आहे का ते तपासून घ्या; असेल तर माळीदादांच्या हातात बाटली देऊन 'मारून टाका' म्हणणं हे मुळातच बसत नाही. रानजाईताई, कमिटीसमोर हा मुद्दा पहिला ठेवा.

आणि पॅराक्वाट कोणी सुचवलं तर साफ नकार द्या. पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. मुलं असलेल्या आवारात ती बाटली येताच कामा नये, मग कितीही स्वस्त असो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशकं फवारताना शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधं वेगळी होती, पण हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट यांशिवाय पंप पाठीवर देणं हा तोच हलगर्जीपणा आहे. माळीदादांना ही साधनं सोसायटीने विकत घेऊन द्यावीत, त्यांनी मागायची वाट बघू नये.

अबोली

हे शेवटचं फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याकडे फवारणारे काका अनवाणी असतात, कोणाला काही वाटत नाही. उद्याच बोलते.

चाफा

व्हॉट्सॅपवर व्हिनेगर, मीठ आणि भांडी घासायचा साबण अशी कृती फिरते. 'नैसर्गिक तणनाशक' म्हणून. ती कशी?

रोपवाटिकावाला

मीठ बागेत टाकू नका, विनंती आहे. तण मरेल, पण मीठ मातीत राहतं आणि पाण्याबरोबर झाडांच्या मुळाशी जातं. कुंडीत तर झाड हमखास जातं. घरचं व्हिनेगर साधारण ५ टक्के असतं, त्याने दोन-चार पानांची कोवळी रोपं करपतात. लव्हाळा, हरळी यांना काहीच होत नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटींत कोवळं तण असेल तर उकळतं पाणी त्याहून बरं.

पणजीकर

आमच्याकडे गोव्यात जुलैत सहा तास कोरडे मिळणं हेच मुश्कील. फवारलं आणि तासाभरात सर आली की सगळं वाहून जातं, घराशेजारी विहीर असली तर आणखी घोर. बरेचसे ग्लायफोसेटवाले मिश्रणात जो साबणी द्रव घालतात, तो बेडकांना आणि माशांना बाधतो. आम्ही पावसात कोयता आणि पुठ्ठे वापरतो: तण बुडाशी कापायचं, वर ओला पुठ्ठा, त्यावर नारळाच्या झावळ्यांचा थर. हेलिकोनिया आणि क्रोटनच्या वाफ्यांत हे छान चालतं. लव्हाळा मात्र पुठ्ठ्यालाही भोक पाडून वर येतो, हे सांगायला हवं. औषध लागलंच तर ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर.

रोपवाटिकावाला

पुण्यात ऑगस्टअखेरीपासून उघडीप मिळते, तेव्हा जमिनीत ओलही असते. गवतावर तीच वेळ योग्य.

फवारणीची पद्धत थोडी सांगतो, कारण औषध बरोबर असूनही झाडं मरतात ती इथे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाने लिहा, दुसऱ्या कशाला वापरू नका. कोन नोझल काढून कट नोझल (सपाट पट्ट्यात फवारा देणारं) लावा. दाब कमी ठेवा, थेंब मोठे पडू द्या. धुकं तयार झालं की वाऱ्याबरोबर ते कुठेही जातं. सकाळी, दव सुकल्यावर, पण वारा सुटायच्या आत. बिननिवडक औषध ऑपरेटरकडून करून घेणार असाल तर नोझलला हूड (फवारा बाजूला उडू न देणारी टोपी) लावायला सांगा आणि स्वतः उभं राहून बघा. झाडाच्या बुडाशी प्लॅस्टिकचा पत्रा आडवा धरायला एक माणूस द्या. पाणी स्वच्छ घ्या, गढूळ पाण्यातल्या मातीला ग्लायफोसेट चिकटून निकामी होतं. बोअरचं जड पाणीही त्याचा जोर कमी करतं.

झुडपाच्या आतून चुकार तण उगवलं असेल तर फवारूच नका. ऑपरेटरकडे स्पंजची पुसणी असते. एक भाग औषध, दोन भाग पाणी, नुसतं पानावर पुसायचं, थेंब गळता कामा नये. वेळ लागतो, पण झाड वाचतं.

बांधावरून

केना या तणाबद्दल राहिलं होतं. केना ग्लायफोसेटलाही बऱ्यापैकी पुरून उरतो. तो जमिनीखालीसुद्धा फुलं धरतो आणि तिथेच बी तयार करतो. खोडाचा तुकडा ओल्या मातीवर पडला तरी मुळं धरतो. त्यामुळे हाताने काढताना तुकडे वाफ्यात टाकू नका, घमेल्यात गोळा करून उन्हात पूर्ण वाळवा. आंबुटी शेंग धरायच्या आधी काढा. तिची शेंग पिकली की हात लावताच बी लांबवर उडतं. गाजर गवतही फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट. अनेकांना त्याने त्वचेला खाज आणि दम्याचा त्रास होतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठकीत मांडण्यासाठी असं लिहून काढलंय, चुकत असेल तर सांगा. एक्झोरा, जास्वंद, तगर यांच्या बुडाशी हरळीवर क्विझालोफॉप, पाऊस उघडल्यावर, लॉनच्या कडेपासून अंतर राखून. लॉनमध्ये हॅलोसल्फ्युरॉन, मोजून, आणि कडेचे वाफे झाकून. गुलाबात फक्त हात आणि आच्छादन, त्यासाठी महिन्यातून दोन दिवस बाईमाणूस लावायची तरतूद. कुंपणाबाहेर गाजर गवत उपटून. ग्लायफोसेट कुठेच नाही. माळीदादांना हातमोजे, बूट, मास्क.

दोन शंका. फवारलेल्या लॉनचं कापलेलं गवत आमच्या खतखड्ड्यात टाकायचं का? आणि हिवाळी फुलझाडं, शेवंती-झेंडू, लॉनच्या कडेला कधी लावता येतील?

कॅरोलिनाकर

खतखड्ड्यात नको. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००० च्या सुमारास लॉनवर मारलेल्या क्लोपायरॅलिड नावाच्या तणनाशकाचा अंश कंपोस्टमध्ये उतरला आणि ते खत घातलेल्या टोमॅटो-वालाची पानं वाकडी झाली. तुमचं औषध वेगळं आहे, पण फवारणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन कापण्यांचं गवत लॉनवरच पसरू द्या.

रोपवाटिकावाला

मांडणी बरोबर आहे ताई. फक्त क्विझालोफॉपचं माप लिहायचं राहिलं: लिटरला दोन मिली, लेबलवरचं हेक्टरी माप आणि पाणी धरून येतं ते एवढंच.

हॅलोसल्फ्युरॉनचा अंश मातीत काही काळ राहतो आणि शेवंती-झेंडूची कोवळी रोपं त्याला नाजूक असतात. ज्या पट्टीत औषध पडलं तिथे यंदाच्या हिवाळ्यात रोपं जमिनीत लावू नका, कुंड्या मांडा. ज्या कडेला फुलझाडं जमिनीतच हवी आहेत, तिथला हातभर पट्टा फवारणीतून वगळा आणि तेवढा लव्हाळा कुदळीने खोल खणून, गाठी वेचून काढा.

रानजाई

कुंड्यांचं जमेल, गच्चीवर रिकाम्या बऱ्याच पडल्या आहेत. बैठक झाली की काय ठरलं ते इथेच लिहिते.